एका राजाचा राग

राग आला की मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, असे लहानपणी आपल्यापैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगितलेले असते. आजी सांगते, आई सांगते, शाळेतले गुरुजी सांगतात. राग वाईट, राग माणसाचा घात करतो, हे आपण ऐकत ऐकतच मोठे होतो. आणि गंमत अशी, की त्याच घरात एखाद्याने मुकाट्याने अपमान सहन केला, तर याला साधा राग कसा येत नाही, असेही त्याच्यामागे बोलले जाते. म्हणजे राग आला तरी चुकले आणि नाही आला तरी चुकले. मग माणसाने करावे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर उपदेशाच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा एखाद्या माणसाच्या आयुष्यात शोधावे. आपल्याकडे असे एक आयुष्य होऊन गेले आहे आणि ते आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांचे. धिप्पाड देह, भरघोस मिशा, डोक्याला फेटा, असे त्यांचे चित्र सरकारी कचेरीपासून शाळेच्या वर्गापर्यंत सगळीकडे लागलेले असते. त्यांच्या कामांची यादीही आपल्याला पाठ असते: आरक्षण, सक्तीचे शिक्षण, वसतिगृहे, राधानगरीचे धरण, खासबागचे कुस्ती मैदान. त्यातल्या बऱ्याच कामांच्या मुळाशी एक धगधगता राग होता, हे मात्र या यादीत कुठे लिहिलेले नसते. आज त्या रागाचीच गोष्ट सांगायची आहे.

पोरके बालपण, मोठी गादी

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. नाव ठेवले यशवंतराव. तीन वर्षांचे होते तेव्हा आई राधाबाई गेल्या. दहाव्या वर्षी, मार्च १८८४ मध्ये, कोल्हापूरच्या राणीसाहेब आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. आणखी दोन वर्षांत जन्मदाते वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हेही निवर्तले. ज्या वयात मुले वडिलांचे बोट धरून जत्रेला जातात, त्या वयात या मुलाच्या डोक्यावर छत्रपतींच्या गादीचा भार आला.

शिक्षणासाठी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवले गेले आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेजर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवले गेले. इतिहास, राज्यकारभार, इंग्रजी हे सारे तिथे झाले. कुस्ती, घोडेस्वारी आणि शिकार यांची हौस मात्र रक्तातच होती. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षात, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

हाती आलेल्या राज्याकडे त्यांनी डोळसपणे पाहिले तेव्हा एक गोष्ट त्यांना खटकली. संस्थानच्या सर्वसाधारण कारभारात ७१ अधिकारी होते आणि त्यांपैकी ६० एकाच, म्हणजे ब्राह्मण, जातीचे होते. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे फक्त १० होत्या. ज्या रयतेच्या शेतसाऱ्यावर राज्य चालत होते, त्या रयतेचा माणूस कचेरीत औषधालाही सापडत नव्हता. अर्ज लिहायचा तर दुसऱ्याकडून, वाचून घ्यायचा तर दुसऱ्याकडून आणि निकाल ऐकायचा तोही दुसऱ्याच्याच तोंडून, अशी स्थिती होती.

तरुण राजाने त्यावर शांतपणे, चारचौघांना रुचेल असा उपाय काढला. १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. हेतू चांगला होता, कुणाला दुखवण्याचा प्रश्नच नव्हता. पण व्यवस्था जुन्याच हातांत राहिली आणि थोड्याच वर्षांत ते वसतिगृह प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांचे होऊन बसले. खेड्यातले शेतकऱ्याचे पोर होते तिथेच राहिले. त्याच सुमारास दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेग आला. महाराज गावोगाव हिंडत होते, स्वस्त धान्याची दुकाने काढत होते, दुष्काळी कामावर येणाऱ्या बायांच्या लेकरांना सांभाळायची सोय करत होते. नोकऱ्यांचा आणि शिक्षणाचा प्रश्न त्या धामधुमीत मागे पडला. चांगुलपणा होता, पण त्याला धार नव्हती.

पंचगंगेवरची पहाट

ती धार १८९९ सालच्या कार्तिक महिन्यात मिळाली.

महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. सोबत राजपुरोहित असत आणि स्नानाच्या वेळी मंत्र म्हणत. त्या वर्षी मुंबईचे व्यासंगी पंडित राजारामशास्त्री भागवत महाराजांबरोबर होते. त्यांच्या कानांनी एक गोष्ट टिपली. पुरोहित म्हणत होते ते मंत्र वेदांतले नव्हते, पुराणांतले होते. वेदोक्त मंत्र हे त्रैवर्णिकांसाठी आणि पुराणोक्त हे शूद्रांसाठी, अशी त्या काळची रूढी. म्हणजे छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्याचाच पुरोहित, त्याच्याच पगारावर, रोज पहाटे शूद्र ठरवत होता. विचारणा झाली तेव्हा पुरोहितांनी ते नाकारलेही नाही. महाराजांना वेदोक्ताचा अधिकार नाही, असेच त्यांनी सांगितले. मंत्र पुराणोक्त असल्याने स्वतः स्नान करून येण्याचीही गरज त्यांना वाटली नव्हती.

त्या क्षणी पंचविशीतल्या त्या राजाच्या मनात काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. ज्या शिवछत्रपतींची ही गादी, त्यांचा राज्याभिषेक १६७४ साली गागाभट्टांनी वैदिक मंत्रांनी केला होता. सव्वादोनशे वर्षांनंतर त्याच गादीच्या वारसाची पायरी एक पुरोहित नदीकाठी ठरवत होता. हाताशी सत्ता होती, अंगात पहिलवानाचे बळ होते, समोरचा माणूस एकटा होता. मनात आणले असते तर त्या घाटावर काहीही होऊ शकले असते.

पण त्या पहाटे पंचगंगेवर कुणाच्या अंगावर हात पडला नाही. महाराज वाड्यावर परतले. राग गेला होता असे नव्हे. तो आत गेला होता आणि तिथे तो कामाला लागला.

इथे एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा अपमान ज्यांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिला, ते राजारामशास्त्री भागवत स्वतः ब्राह्मण होते. त्यामुळे समोरच्या सगळ्या जातीला एकाच काठीने हाणावे, अशी सोयीची वाट या रागाला पहिल्याच दिवशी बंद झाली. भांडण कोणाशी आहे आणि कोणाशी नाही, याचा विचार त्यांना करावाच लागला.

अडीच वर्षे मोजलेले आकडे

आपण दहा आकडे मोजतो. महाराजांनी जवळजवळ अडीच वर्षे मोजली.

या काळात त्यांनी जुने कागद काढून पाहिले, शास्त्र्यांशी चर्चा केली, इतर संस्थानांत काय चालते याची माहिती घेतली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी त्याआधीच आपल्या राजवाड्यात वेदोक्त विधी सुरू करून घेतले होते. राजोपाध्यांना राजवाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीने करण्याची सूचना वारंवार देण्यात आली. त्यांनी ती मानली नाही. नारायणशास्त्री सेवेकरी या ब्राह्मण पंडितांनी महाराजांसाठी वेदोक्त विधी करण्याचे धैर्य दाखवले, तर त्यांच्यावरच त्यांच्या ज्ञातीने बहिष्कार टाकला. १९०१ साली लोकमान्य टिळकांनी केसरीतून वेदोक्ताच्या मागणीवर टीका केली आणि कोल्हापूरच्या घाटावरचा वाद पुण्या-मुंबईच्या घराघरात पोहोचला. दरबाराने समिती नेमली, तिचा अहवाल आला आणि मगच, मे १९०२ मध्ये, राजोपाध्यांची इनामे जप्त झाली. राजोपाध्यांनी वरपर्यंत दाद मागितली, पण दरबाराचा निर्णय उलटवता आला नाही.

हा झाला रागाचा एक पदर, वैयक्तिक. माझा मान, माझा विधी, माझा अधिकार. यात गैर काहीच नव्हते. पण महाराजांचा राग एवढ्यावरच थांबला असता, तर आज तो इतिहासाच्या पुस्तकात एका तळटीपेपुरता उरला असता. एका राजाचे आपल्या भटजीशी भांडण झाले आणि राजा जिंकला, एवढेच.

याच काळात त्या रागाचा दुसरा पदर उलगडत होता. छत्रपतीला, ज्याच्या हाती सैन्य आहे, खजिना आहे, त्याला जर जन्मावरून असे तोडले जाते, तर ज्याच्या हाती काहीच नाही त्याचे काय होत असेल? आपल्या अपमानातून दुसऱ्याच्या अपमानाकडे पाहण्याची ही नजर त्यांना पंचगंगेच्या घाटाने दिली. कारभारातले ७१ पैकी ६० हे आकडे त्यांना १८९४ पासून ठाऊक होते. पण आकडे ठाऊक असणे वेगळे आणि ते अंगाला झोंबणे वेगळे.

१८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. १८९६च्या प्रयोगातला दोष या वेळी त्यांनी नेमका ओळखला होता. ज्या समाजाची मुले, त्याच समाजाच्या हाती व्यवस्था. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. पुढे मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची निघाली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. सारस्वत ब्राह्मण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहालाही महाराजांनी मदत केली. कोल्हापूरला वसतिगृहांचे माहेरघर म्हणतात, ते उगीच नाही. खांद्यावर भाकरीचे गाठोडे आणि पायात वहाण नाही, अशी खेड्यातली मुले या शहरात आली आणि शिकून परत गेली.

आणि मग आला तो हुकूम. १९०२च्या उन्हाळ्यात महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले होते. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये एक आदेश प्रसिद्ध झाला. यापुढे संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, म्हणजे शंभरात पन्नास, मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात. भारतातल्या आरक्षणाच्या इतिहासात या आदेशाचे स्थान सर्वांना माहीत आहे. पण त्यातले एक कलम फारसे कोणी सांगत नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी आपल्या खात्यातल्या नेमणुकांचा तक्ता सरकारकडे पाठवावा, असेही त्यात म्हटले होते.

वाचताना हे कलम अगदी कोरडे वाटते. पण थोडा विचार करून पाहा. पंचगंगेच्या काठी पेटलेला राग आता तिमाही तक्त्यापर्यंत आला होता. त्यात कोणाची निंदा नव्हती, कोणाला शिव्याशाप नव्हते, कामावर असलेल्या कोणाची नोकरी काढून घ्यायची नव्हती. पुढे रिकामी होणारी जागा कोणाला मिळणार, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर दर तीन महिन्यांनी कागदावर मागितले जाणार होते. १९१२ सालापर्यंत कारभारातल्या ९५ अधिकाऱ्यांमध्ये ब्राह्मण अधिकारी ३५ राहिले होते. नुसता जळफळाट दहा वर्षे टिकत नाही. तक्ता मात्र टिकतो.

चाबूक आणि चहा

आता याच राजाच्या रागाची दुसरी गोष्ट. ही कोल्हापुरात आजही सांगितली जाते.

महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. जातीने महार. पागेतल्या मराठा नोकरांसाठी पाण्याचा वेगळा हौद होता. एके दिवशी गंगारामांनी त्या हौदाला हात लावला, असा बोभाटा झाला आणि पागेतल्या काही जणांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर गंगारामांनी सोनतळीच्या तळावर जाऊन त्यांना आपली पाठ दाखवली. वळ पाहून महाराजांचा संताप अनावर झाला. मारणाऱ्यांना बोलावून घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने चाबकाने फोडून काढले, असे सांगतात.

इथे ऐकणाऱ्याला बरे वाटते. बरी अद्दल घडली, असे आपणही मनात म्हणतो. पण चाबकाने काय झाले, हे पाहिले पाहिजे. मारणाऱ्यांची पाठ सुजली. हौद मात्र जिथे होता तिथेच राहिला. गंगाराम त्याच पागेत, त्याच माणसांत, आता त्यांच्या डोळ्यांत अधिकच सलत राहिले असते. राजा पुन्हा परगावी गेला की काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. चाबकातला राग न्यायाचाच होता, पण त्याची पोच चाबकाच्या लांबीएवढीच होती.

महाराजांच्या हे लगेच लक्षात आले असावे, कारण गोष्टीचा खरा भाग यानंतर सुरू होतो. त्यांनी गंगारामांना नोकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंदा करायला सांगितले. त्यासाठी मदतही केली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले. नाव ठेवले सत्यसुधारक हॉटेल. दुकान नेटके होते, चहा चांगला होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराच्या हातचा चहा प्यायचा कोणी? त्या वेळी नुसती सावली पडली तरी विटाळ मानणारी माणसे गावात होती.

महाराजांना हे कळले. त्यांनी हुकूम काढला नाही, दवंडी पिटली नाही, कोणाला दम दिला नाही. नगरात फेरफटका मारायला निघाले की त्यांची गाडी गंगारामांच्या दुकानासमोर थांबू लागली. राजा तिथे चहा मागवी, भर रस्त्यावर सर्वांसमोर पिई आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजी. कागदावर सही हवी म्हणून मागे लागलेल्यांना ते तिथेच बोलावत. सही हवी तर चहाही घ्यावा लागे. राजा पितो म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती, आणि एकदा पिऊन काहीच झाले नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा नाही म्हणायला कारणही उरत नव्हते.

एकाच माणसाचा हा राग. एकाच घटनेवरचा. आधी तो हातात गेला तेव्हा चाबूक झाला, नंतर डोक्यात गेला तेव्हा चहा झाला. चाबकाने दोन-चार माणसे घाबरली. चहाने एक रस्ता बदलला. महाराजांच्या निधनानंतर कोल्हापुरात त्यांच्या स्मारकासाठी अगदी सुरुवातीला जी माणसे पुढे झाली, त्यांत हेच गंगाराम कांबळे होते.

दुःखाचा राग

१९१८ साल महाराजांना फार कठीण गेले. त्या वर्षीच्या जून महिन्यात त्यांचे धाकटे चिरंजीव, प्रिन्स शिवाजी, शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून गेले. लग्नाला वर्षच झाले होते. घरात कोवळ्या वयाची विधवा सून, इंदुमतीदेवी. अशा दुःखात माणूस दैवावर रागावतो, देवावर रागावतो आणि घरातल्या माणसांवरही चिडतो. कित्येक घरांत तर त्या वेळी हा सगळा राग त्या पोरीवरच निघे. पांढऱ्या पायाची ठरवून तिला कोपऱ्यात बसवले जाई.

महाराजांनी सुनेला कोपऱ्यात बसू दिले नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. तिला एकटे वाटू नये म्हणून बरोबरीच्या मुली सोबतीला आणल्या, त्याही वेगवेगळ्या जातींच्या. घरातून, नातेवाइकांतून विरोध झाला, तो त्यांनी मानला नाही. इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या. तो दिवस पाहायला सासरे हयात नव्हते.

त्याच एक-दोन वर्षांत संस्थानात कायद्यांची जणू रांगच लागली. विधवा पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता १९१७ सालीच मिळाली होती. १९१९ साली आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी घरात बायकांना होणाऱ्या छळाला शिक्षा सांगणारा कायदाही झाला. महारांना पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेणारी वतनाची पद्धत मोडली. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम निघाला. प्राथमिक शिक्षण १९१७ पासूनच सक्तीचे आणि मोफत झाले होते, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांच्या आळसावरही महाराजांचा राग होता. पण त्यांनी त्यांना व्याख्यान दिले नाही. रुपया लावला.

मार्च १९२०मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर नावाचे तिशीच्या आतले तरुण विद्वान. महाराज तिथे मुद्दाम गेले आणि यापुढे हाच तुमचा पुढारी, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. आंबेडकरांच्या मूकनायक पत्रालाही त्यांनी पैशाची मदत केली होती. ज्याच्या जवळ आपल्याहून जास्त कारण असलेला राग आहे आणि तो वापरण्याची आपल्याहून मोठी विद्या आहे, त्याच्या हाती काम सोपवायलाही मन मोठे लागते.

जिथे राग विझला नाही

महाराजांचा प्रत्येक राग फळाला आला, असे म्हणणे खरे होणार नाही. पहिला पदर आठवतो ना, वेदोक्ताचा? तो वीस वर्षे चालला. जुने पुरोहित नकोत म्हणून १९२० साली मराठा पुरोहित तयार करणारी वैदिक पाठशाळा निघाली. जुने धर्मपीठ नको म्हणून त्याच वर्षी क्षात्र जगद्‌गुरूंचे नवे पीठ स्थापन झाले. प्रबोधनकार ठाकरे यांच्यासारख्या, ब्राह्मणेतर चळवळीतल्याच लढाऊ माणसालाही हे नवे पीठ पटले नाही. एका पुरोहिताच्या जागी दुसरा आणला, तरी पुरोहित उरतोच. एका गादीला उत्तर म्हणून दुसरी गादी मांडली, तरी लोकांना पुन्हा कोणापुढे तरी वाकावेच लागते. या वादाने दोन्ही बाजूंच्या मनांत कडवटपणा साठत गेला. वर्तमानपत्रांतून चिखलफेक झाली, चांगली चांगली माणसे एकमेकांपासून तुटली. महाराजांच्या पश्चातही ती कडू चव महाराष्ट्राच्या राजकारणात बराच काळ राहिली.

इथे तुलना आपोआप होते. ज्या रागातून त्यांनी स्वतःचा मान मागितला, त्याचे पीठ आज फार थोड्यांच्या आठवणीत आहे. ज्या रागातून त्यांनी दुसऱ्याच्या मुलासाठी शाळा, खोली आणि नोकरीची जागा मागितली, तो आज शंभर वर्षांनंतरही जिवंत आहे. सुरुवात दोन्हींची एकाच घाटावर झाली होती.

६ मे १९२२ रोजी मुंबईत, पन्हाळा लॉज या आपल्या बंगल्यात, महाराजांचे हृदयविकाराने निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. २०२२ साली त्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले होते. त्यांचा जन्मदिवस, २६ जून, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या घरातला राग

आपण राजे नाही. आपल्या हाती गॅझेट नाही. पण पंचगंगेचा घाट मात्र प्रत्येकाच्या आयुष्यात कधी ना कधी येतो. कचेरीत साहेब चारचौघांत पाणउतारा करतो. मुलीच्या लग्नात वरपक्ष हुंड्यावरून टोमणे मारतो. दवाखान्याच्या रांगेत धोतर-टोपीवाल्या म्हाताऱ्याला मागे सारून कोणी पुढे घुसतो. अंगाची आग होते. तिथे बोलता येत नाही, म्हणून आपण घरी येतो आणि तो राग भाजीत मीठ कमी पडले म्हणून बायकोवर काढतो, पाढे चुकले म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घालतो. म्हणजे हौद राहतो बाजूला आणि चाबूक पडतो भलत्याच्याच पाठीवर.

महाराजांच्या आयुष्याकडे पाहिले की वाटते, राग येणे हा दोष नाही. राग ही वर्दी असते, कुठेतरी काहीतरी चुकले आहे हे सांगणारी. ज्याला ती वर्दी ऐकूच येत नाही, तो शांत असेलही, पण त्याच्या शांतपणाचा कोणाला उपयोग नाही. १८९६च्या वसतिगृहाने ते दाखवून दिले. पण वर्दी देणाऱ्याच्या हाती कारभार द्यायचा नसतो. पुढे काय करायचे हे रागाला कळत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते, आणि त्यासाठी थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.

त्या वेळात स्वतःला दोन-तीन साधे प्रश्न विचारता येतात. हे एकट्या माझ्याबाबत घडले, की आणखी कोणाकोणाबाबत रोज घडते? मला समोरच्या माणसाला रडवायचे आहे, की ही गोष्ट पुन्हा घडू नये असे करायचे आहे? आणि उद्या सकाळी, डोके थंड झाल्यावरही करता येईल असे त्यात काय आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर सापडले तर राग कामाचा. एक अर्ज लिहिणे असेल, हुंडा मागणाऱ्या घरी मुलगी न देणे असेल, रांगेतल्या त्या म्हाताऱ्याला हात धरून पुढे आणणे असेल. उत्तर नाही सापडले, तर आजीचे दहा आकडे आहेतच.

कोल्हापूरला गेलात तर भाऊसिंगजी रस्त्याने एक चक्कर जरूर मारा. तिथे कुठेही चहा मिळेल. करणारा कोण, त्याची जात कोणती, हे विचारायचे तुमच्या मनातही येणार नाही. ते मनात न येणे हे आपोआप घडलेले नाही. त्यासाठी एक राजा आपला राग आवरून त्या रस्त्यावर थांबला होता आणि सगळ्यांच्या देखत सावकाश चहा प्याला होता.